या खोलीतून कोणी लागलंय का?

"खोली चांगली हाय," मुखेडकडचा तो माणूस म्हणाला, "पण या खोलीतून कोणी लागलंय का?"

नवा रंग, खोलीतच बाथरूम, गिझर, दोन बाजूंनी वारा, हे सगळं माझं त्याला दाखवून झालं होतं. त्याची मुलगी पलंगावर बसून गादी दाबून बघत होती. तिला खोली आवडलीय हे मला दिसत होतं.

"लागलंय म्हणजे?" मी वेड पांघरलं.

"म्हणजे डॉक्टरीला ओ. हितं राहून कोणाचा नंबर लागला का?"

"बांधकाम नवीन आहे. अजून तसं..."

"मग ऱ्हाऊ द्या. चल गं."

गेटाबाहेर पडून तो डावीकडे वळला. मी बघायला गेले नाही. डावीकडे माझ्या धाकट्या जावेचं घर होतं आणि तिच्या गेटावर तीन मुलींचे फोटो होते.

लातूरच्या ट्यूशन एरियात खोली अशी भाड्यानं जाते. बाहेरच्याला खरं वाटणार नाही. दोन वर्षं मुलीला इथं ठेवून नीटची परीक्षा द्यायला लावायची म्हणून जूनमध्ये गावोगावचे आईबाप येतात, आणि पंखा फिरतो का हे बघायच्या आधी विचारतात, इथून कोणी लागलंय का. लागलं असेल तर पत्र्याची खोलीही चालते. नसेल तर संगमरवर घाला, ढुंकून कोणी बघत नाही.

दुष्काळात पाण्याची रेल्वे आली त्याच्या दुसऱ्या वर्षीचा तो जून. माझ्या बारा खोल्यांतल्या सात रिकाम्या राहिल्या.

मी शैलावर, माझ्या त्या धाकट्या जावेवर, जळत होते. आज हे सरळ लिहिते, कारण तेव्हा मी त्याला नशीब म्हणत होते, अन्याय म्हणत होते, तिच्या नवऱ्याची, बसवराज भाऊजींची लबाडी म्हणत होते. सासऱ्यांचा एकच प्लॉट, मधोमध भिंत घालून दोघा भावांना दिलेला. भिंत खांद्याएवढी. तिकडे शैलानं एका पत्र्याच्या खोलीपासून सुरुवात केली होती. एका खोलीच्या भाड्यातून दुसरी, भिशी उचलून तिसरी, असं मुंगीसारखं करत दहा वर्षांत तिच्या आठ खोल्या झाल्या. बँकेची पायरी चढली नाही ती. मी उलटं केलं. तिच्या आठ तर माझ्या बारा, या हट्टानं मी आमच्या मास्तरांना कर्जासाठी बँकेत नेऊन बसवलं. मास्तर म्हणजे आमचे हे, मन्मथ कोरे, जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि हप्ता पुढची पंधरा वर्षं. पुढचा जून असाच गेला तर घर विकावं लागेल, हे बँकेच्या साहेबानं चहा पाजून गोड बोलून सांगितलं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. तिच्या गेटावरच्या फोटोतली डावीकडची मुलगी आधी माझ्या दारात आली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, परक्याच्या तरण्या पोरीची जोखीम कोण घेणार बाई. शैलानं पत्र्याची खोली झाडून तिला दिली. त्या पत्र्याच्या खोलीची पुढे चार नंबरची खोली झाली. तिन्ही फोटो त्या चार नंबरमधलेच.

सकाळी मोटर लावायला मी गच्चीवर जायची तेव्हा तिच्या खोल्यांसमोरचे चपलांचे जोड मोजायची. खोलीत तीन मुली, खोलीसमोर तीन जोड. आठ खोल्यांचे चोवीस. रोज चोवीस. कधी एखादी मुलगी गावी गेली आणि तेवीस दिसले की माझा चहा गोड लागायचा.

संक्रांतीला शैलाकडे हळदीकुंकू होतं. मला जावंच लागलं. तिच्या जिन्यात एक मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती, बायका तिला ओलांडून वर-खाली करत होत्या. मी तिला ओळखलं. रेवती पेंडकर. दर सोमवारी क्लासच्या भिंतीवर परीक्षेच्या मार्कांची यादी लागते आणि त्या भागातली भाजीवालीसुद्धा ती वाचते. दोन महिने रेवतीचं नाव सगळ्यात वर होतं. बाप एसटीत कंडक्टर, कंधार डेपोला. एकदा परीक्षा देऊन थोडक्यात हुकलेली, ही दुसरी खेप. राहायला कुठं, तर अर्थात चार नंबरमध्ये.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"इथं कशाला बसलीस गं?"

"खोलीत मैत्रिणी बोलायल्यात काकू. त्यांचा अभ्यास झाला आज."

सगळ्या मुली शैलाला मावशी म्हणायच्या आणि मला काकू. तेही मला लागायचं.

"माझ्याकडं कोपऱ्यातली खोली मोकळी आहे," मी म्हटलं. "एकटीला. परीक्षा होईपर्यंत भाडं देऊ नको."

तिनं पुस्तकातून मान वर केली. "कामून?"

"नंबर लागला की तुझा फोटो माझ्या गेटावर लावायचा. बस, एवढंच."

"मावशीला वाईट वाटंल."

"तुझ्या मावशीला मुलींची कमी आहे का? तुझी जागा तासाभरात भरेल. वडिलांना विचार. चार महिन्यांचं भाडं वाचतंय म्हटल्यावर ते काय म्हणतात बघ."

वडील काय म्हणणार हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. शैलानं दिलेलं वाण, स्टीलची गाळणी, माझ्या हातात होती. तिचं वाण हातात घेऊन मी तिच्याच घरातली मुलगी फोडली.

पुढच्या रविवारी रेवती आली. एक पेटी, एक गादी, पुस्तकांची तीन पोती. शैला भांडायला येईल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. ती आली, पण भिंतीपलीकडे उभी राहून म्हणाली, "अक्का, एक सांगू? राग मानू नका."

"बोल की."

"ती पहाटे उठती अन् उपाशीपोटी वाचती. आधी दूध द्यावं लागतंय. अन् तिला एकटीला नका ठेवू. शेजारी कोणीतरी श्वास घेत असलं की तिला बरं वाटतंय. एकटी असली की घाबरती."

"मग जिन्यात का बसत होती?"

"जिन्यात माणसं होती की अक्का."

मी हसले. मला वाटलं, चालू आहे बाई. एकान्त हीच माझ्या खोलीची मोठी गोष्ट, आणि ही मला तीच मोडायला सांगतेय. दूध मात्र दिलं. बदाम घालून दिलं. शैला नुसतं देत असेल, म्हणून बदाम.

दुसऱ्या दिवशी चार नंबरसमोर पुन्हा तीन जोड होते. तासाभरात भरेल असं मी बोलले होते, ते माझ्या तोंडावर आलं. पहिली येणारी मुलगी माझ्याकडे होती, मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

फेब्रुवारीत रेवती पहिली. मार्चमध्ये पहिली. मी यादी बघायला स्वतः जायला लागले. मार्चच्या शेवटी पुढच्या वर्षाच्या खोल्या बघायला आईबाप यायला लागले आणि आता कोणी "लागलंय का" विचारलं की मी त्यांना जिना चढवून कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीशी नेत होते.

"ही बघा. क्लासमध्ये पहिली. यंदा लागणारच. हीच खोली."

लोक खिडकीतून बघायचे. एक बाई तर हात जोडून गेली. बापांनी मुलींना पुढे ढकलून दाखवलं, बघ कशी बसलीय, मान वर नाही. पाच जणांनी खोल्या धरल्या. थोडे पैसे देऊन, "पोरगी लागली तर पक्कं" अशा बोलीवर. मी त्या पाच नावांची यादी देव्हाऱ्यात ठेवली.

एके दिवशी बघितलं तर रेवतीनं टेबल ओढून खिडकीच्या आड, बाथरूमच्या दारापाशी नेलं होतं.

"तिथं उजेड कुठंय? इकडं घे ते."

"चालतंय काकू."

"डोळे जातील. आण इकडं."

तिनं टेबल परत आणलं. दूध तसंच होतं, वर साय धरलेली. त्या सोमवारी यादीत ती चौथी होती. पुढच्या सोमवारी अकरावी.

मी घाबरले. आज वाटतं, तेव्हा तरी तिच्याजवळ जाऊन झोपायला हवं होतं, विचारायला हवं होतं, पोरी काय होतंय. मला सुचलं ते वेगळंच. अकरावी आली म्हणून त्या पाच जणांनी पैसे परत मागू नयेत, याचा मी विचार केला. चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले आणि दोन मीटरचा बोर्ड करायला टाकला. रेवतीचा फोटो तिच्या प्रवेशपत्रावरून घेतला. वर मोठ्या अक्षरांत, "कोरे गर्ल्स होस्टेलची भावी डॉक्टर." खाली सूर्य उगवताना. सूर्य फ्लेक्सवाल्यानं फुकट दिला.

मास्तरांनी गेटावर लावलेला बोर्ड बघितला आणि चष्मा काढला. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी," ते म्हणाले. "अजून परीक्षा हाय की गं."

"तुम्ही तुमच्या शाळेचं बघा."

"शाळेचंच बघतोय. तीस वर्षं पोरं बघितली. काढ ते."

मी काढलं नाही. भिंतीपलीकडचे ते तीन फोटो दिसत होते. माझा एक त्या तिघांपेक्षा मोठा होता.

परीक्षेला अकरा दिवस राहिले होते. दुपारी एकच्या उन्हात रेवती क्लासवरून आली. गेटाशी थांबली. मी स्वयंपाकघराच्या जाळीतून तिचं तोंड बघत होते, तिला आवडलं का म्हणून. ती बराच वेळ बोर्डाकडे बघत उभी राहिली. मग वर गेली. पाच मिनिटांनी गादी गुंडाळून काखेत घेऊन खाली आली.

"कुठं निघालीस?"

"मावशीकडं."

"का? काय कमी केलं मी तुला?"

"काही नाही काकू." "ये-जा करताना मला माझाच चेहरा बघवंना झालाय."

मी तिच्या मागे अनवाणी गेले. तापलेल्या फरशीचंही भान नव्हतं. शैलाच्या अंगणात आतापर्यंत मी संक्रांतीशिवाय पाऊल टाकलं नव्हतं. चार नंबरचं दार लोटलेलं होतं. शैला उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती आणि मला बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"आल्या आल्या झोपली. हळू बोला."

"ती माझी मुलगी आहे. मी ठेवलंय तिला चार महिने. बदाम घालून दूध दिलंय."

"दिलं की. कोण न्हाई म्हणतंय?"

"तुला फोटो पाहिजे तिचा. चौथा. तीन पुरले नाहीत तुला?"

शैलानं सुपातला लसूण बाजूला केला. ती उठली नाही. "अक्का, परीक्षा होऊ द्या. मग काय भांडायचं ते भांडू. मी कुठं पळून जायले?"

मी दाराच्या फटीतून बघितलं. अरुंद खोली. तीन पलंग, मधल्या वाटेत जमिनीवर रेवतीची गादी. दोन मुली दोन बाजूंनी वाचत बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ती तोंड उघडं टाकून झोपली होती. तिच्या गादीला लागून आणखी एक चटई होती. चटईवर शैलाची उशी होती, हिरव्या अभ्र्याची. दिवाळीत तिनं शिवलेल्या अभ्र्यांतली.

"तू इथं झोपतेस?"

"परीक्षेच्या आधी महिनाभर. दर साली," शैला म्हणाली. "पोरी घाबरत्यात."

मी परत आले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गच्चीवरून मोजले तर चार नंबरसमोर पाच जोड. चार मुलींचे आणि एक शैलाचा. दहा वर्षं मी मोजत होते आणि एप्रिलमध्ये तिथं दर साली एक जोड जास्त असतो हे मला दिसलं नव्हतं. मी फक्त कमी आहे का तेवढं बघत होते.

फ्लेक्स मास्तरांनीच उतरवला. मी शिडी धरली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. रेवती लागली. नुसती लागली नाही, सरकारी कॉलेज मिळेल असे मार्क. शैलाच्या गेटापुढे ही गर्दी. कंडक्टर पेंडकर ड्युटीच्या खाकी कपड्यांतच पेढे घेऊन आले होते. क्लासवाल्यांनी फटाके लावले. मी दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत पडले होते. खोल्या धरलेल्या पाचांपैकी दोघांनी सकाळीच फोन केला होता. "पोरगी लागली म्हणं, पण तुमच्या हितून न्हवं की. पैसे परत द्या."

दुपारी दार वाजलं. शैला होती. हातात पेढ्यांचा खोका आणि त्यावर एक पाकीट.

"हे काय?"

"फोटो. रेवतीचा. आजच काढलाय, चांगला आलाय."

मी पाकिटाला हात लावला नाही.

"जानेवारीपासून तुमच्याकडंच होती ती," शैला म्हणाली. "माझ्याकडं अकरा दिवस पाहुणी आलती. ते कोण मोजतंय?"

"मी मोजते."

"मला माहीत हाय अक्का," ती म्हणाली, आणि हसली. चेष्टेचं नव्हतं ते हसणं. चेष्टेचं असतं तर मी पाकीट तिच्या अंगावर फेकलं असतं. "माझ्या खोल्या भरल्यात. तुमच्या भरू द्या. बँकेचं कळलंय मला."

"कोणी सांगितलं?"

"भिंत खांद्याएवढी हाय की."

"रेवतीला विचारलंस का?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मावशी, तुमी म्हणायलाव तर लावा."

घ्यायला नको होता तो फोटो. पण घर होतं, मास्तरांची निवृत्ती होती, साहेबाचा गोड चहा होता. मी घेतला. संध्याकाळपर्यंत तो माझ्या गेटावर लागला. आठ दिवसांत बाराही खोल्या भरल्या. ज्यांनी निकालाच्या सकाळी पैसे परत मागितले होते ते दोघंही आले. "या खोलीतून कोणी लागलंय का?" "हो. ह्याच खोलीतून. रेवती पेंडकर." मी खणखणीत आवाजात सांगायची. भिंतीपलीकडे शैला धुणं वाळत घालत असायची, तिला ऐकू जायचं. तिनं कधी एका शब्दानं खोटं पाडलं नाही.

सात वर्षं मी हे सांगितलं. घर वाचलं, कर्ज अर्ध्याच्या खाली आलं. पण शैलाचा हेवा गेला नाही. उलट वाढला. आधी तिच्याकडे खोल्या होत्या, मुली होत्या, फोटो होते. आता माझ्याकडे जे होतं तेही तिनं दिलेलं होतं. माणसानं किती पुढं असावं?

गेल्या जूनची गोष्ट. गेटाशी गाडी थांबली. चष्म्याची, जरा अंगानं भरलेली एक बाई उतरली आणि मागून सतरा वर्षांची मुलगी. बाईनं वर फोटोकडे बघितलं. ऊन-पावसानं फोटो निळा पडला होता. मग तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

"काकू, ओळखलं का?"

"रेवती!"

"ही समीक्षा, माझी धाकटी बहीण. औंदा हिला ठेवायचंय. खोली पाहिजे."

माझी छाती फुलली. गल्लीत चार बायका बघत होत्या. डॉक्टर रेवती पेंडकर स्वतःच्या फोटोखाली उभी राहून स्वतःच्या बहिणीसाठी माझ्याकडे खोली मागत होती. मी किल्ल्यांचा जुडगा घेतला. जिना चढले. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं. खिडकीशी तेच टेबल होतं.

समीक्षानं खोलीभर नजर फिरवली. मग बहिणीला विचारलं, "ताई, तू ह्याच खोलीतून लागलीस ना?"

रेवती वळली. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ती मला उत्तर द्यायला वाट मोकळी करून देत होती, जे मी देईन ते ती मानणार होती. सात वर्षं ती मानतच आली होती.

हो म्हणायला काय लागत होतं? हजार वेळा म्हटलं होतं. तोंड उघडलं, आणि मला तो लसूण आठवला, ती हिरवी उशी आठवली.

"नाही गं," मी म्हटलं. "या खोलीत ती घाबरली. लागली ती पलीकडच्या खोलीतून. चार नंबर. चल, तुझ्या ताईच्या मावशीकडं नेते तुला."

रेवतीनं चष्मा काढून पदरानं पुसला. खाली उतरून आम्ही भिंतीशी गेलो. मी हाक मारली. शैला हात पुसत आली. रेवतीला बघून तिनं भिंतीवरूनच तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"हिची बहीण आहे," मी म्हटलं. "चार नंबरमध्ये ठेव हिला. मी सांगितलंय तिला सगळं. खरं ते."

शैलानं माझ्याकडे बघितलं. मग समीक्षाकडे वळली.

"चार नंबर भरलीय गं बाई," ती म्हणाली. "तिन्ही पोरी राहायला आल्यात कालच. तू अक्काकडंच ऱ्हा. परीक्षेच्या आधी अक्का येतील तुझ्याजवळ झोपायला. येताल न्हवं अक्का?"

मी मान हलवली.

चार नंबरसमोर त्या सकाळी दोनच जोड होते. मी मोजले होते.